कारुण्याचा परवाना

१

मूकपटांच्या काळातील आंगिक विनोदाविषयी मराठीत जे काही गंभीरपणे लिहिले-बोलले जाते, ते बहुतांशी एका गृहीतकावर उभे असते. पडणे, आपटणे, पाठलाग, एकमेकांच्या तोंडावर क्रीमचे पाय फेकणे यांतून निर्माण होणारा विनोद स्वतःच्या बळावर कलेच्या प्रांतात येऊ शकत नाही. आत यायचे तर त्याच्यापाशी कारुण्याचा परवाना असावा लागतो, असे हे गृहीतक आहे. ‘हसता हसता डोळ्यांत पाणी आणणारा’ हे विशेषण आपल्याकडे विनोदकाराच्या गौरवाचे शेवटचे शिखर समजले जाते. चॅप्लिनला ते फार पूर्वी मिळाले आणि त्यानंतर त्याच्याविषयी वेगळा विचार करण्याची गरज कुणाला भासली नाही. पावसात चालण्याविषयीचे आणि त्यामुळे अश्रू लपण्याविषयीचे एक वाक्य त्याच्या नावावर भाषणांतून व सुविचारांतून फिरत असते. ते त्याने कुठे व केव्हा म्हटले हे मात्र कोणी सांगत नाही. आपल्याला हवा असलेला चॅप्लिन आपणच लिहून घेतला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

या गृहीतकाचा व्यावहारिक परिणाम शिफारशींच्या याद्यांत दिसतो. ‘पाहायलाच हवेत’ अशा मूकपटांची यादी कोणीही केली तरी ‘द किड’ (१९२१), ‘द गोल्ड रश’ (१९२५), ‘सिटी लाइट्स’ (१९३१) हे आरंभी येतात. पुढे बस्टर कीटनचा ‘द जनरल’ (१९२६) एक उपचार म्हणून येतो आणि घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा हॅरॉल्ड लॉइड केवळ छायाचित्रापुरता उरतो. मॅक सेनेटच्या कीस्टोन कंपनीतील लघुपट, मेबल नॉर्मंड, मॅक्स लिंडर, मूकपटांतील लॉरेल आणि हार्डी यांची संभावना ‘निव्वळ करमणूक’ या दोन शब्दांत होते. यादीतील चित्रपट वाईट आहेत असे कोणीच म्हणणार नाही. प्रश्न ते ज्या निकषावर निवडले जातात त्याचा आहे. तो निकष विनोदाचा नाही, करुणरसाचा आहे; आणि एका रसाच्या निकषावर दुसऱ्या रसाच्या कलाकृतींचे मूल्यमापन करणारी समीक्षा आपल्या विषयाकडे पाठ फिरवूनच बसलेली असते.

२

हे गृहीतक आले कुठून? आपल्या परंपरेने ते दिले, असे म्हणता येणार नाही. भरताने करुणाची उत्पत्ती रौद्रापासून आणि हास्याची शृंगारापासून सांगितली. दोघांचे कूळ त्याने वेगळे ठेवले. पुढे विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त रसांचे परस्परविरोध मांडताना करुणाला हास्याच्या विरोधी रसांत गणले. भरताने हास्याचे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा प्रकार केले आणि ते उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींत दोन-दोन असे वाटून दिले. डोळ्यांत येणाऱ्या पाण्याचा उल्लेख त्याने केला आहे, पण तो अखेरच्या दोन, म्हणजे अधम प्रकृतीच्या हास्यप्रकारांत. खांदे गदगदतात, कुशी हातांनी धरल्या जातात, डोळे भरून येतात ते हास्याच्या अतिरेकाने. आपण ज्या अश्रूंना हास्याचे उन्नयन मानतो, ते भरताच्या लेखी हास्याच्या तळाचे लक्षण होते. त्याची ही उतरंड सामाजिक आहे आणि ती नाकारायला हवी, हे खरेच. परंतु हसणे हे शरीराने करायचे कृत्य आहे आणि त्याचे वर्णन शरीराच्या भाषेतच करावे लागते, एवढे भान तरी त्याला होते.

आधुनिक मराठी समीक्षेने हे भान गमावले. न. चिं. केळकरांनी ‘सुभाषित आणि विनोद’ (१९०८) व ‘हास्यविनोदमीमांसा’ (१९३७) लिहून विनोदाच्या तात्त्विक विचाराची वाट घालून दिली. पुढच्या काळात पाठ्यपुस्तकांपासून प्रबंधांपर्यंत स्थिरावली ती शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ आणि स्वभावनिष्ठ विनोदाची त्रिस्तरीय मांडणी. तिच्यात शब्दनिष्ठ विनोद खालच्या पायरीवर, स्वभावनिष्ठ वरच्या आणि स्वभावनिष्ठाला कारुण्याची झालर लागली की तो सर्वोच्च. ही मांडणी कादंबरी, कथा आणि नाटक यांच्या वाचनातून तयार झाली होती. तिथे ती काही प्रमाणात उपयोगीही ठरली. पण ज्या कलेत शब्द जवळजवळ नाही आणि स्वभावाचे सूक्ष्म रेखाटन हे जिचे मुख्य प्रयोजन नाही, तिला ही शिडी लावली की ती कला सर्वांत खालच्या पायरीच्याही खाली जाते. मग तिला वर ओढण्यासाठी कारुण्याचा दोर टाकावा लागतो. विशेष हे की, मर्ढेकरांनंतर संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांची चर्चा आपण कवितेच्या संदर्भात अर्धे शतक केली. घाट आणि आशय यांचे अद्वैत मान्य केले. विनोदाशी गाठ पडताच मात्र आपण निमूटपणे ‘आशया’कडे, तोही भावनिक आशयाकडे, परत गेलो.

पाश्चात्त्य विचारातही अडसर नव्हता असे नाही. आंरी बर्गसाँने १९०० साली हास्यावरील आपल्या ग्रंथात दोन गोष्टी सांगितल्या: हसण्यासाठी हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते, आणि सजीवावर यांत्रिकतेचे कवच चढलेले दिसले की आपण हसतो. पहिली गोष्ट आपल्या समीक्षेने ऐकलीच नाही. दुसरी तिने सोयीची म्हणून उचलली आणि कीटनला ‘यांत्रिक’ ठरवून बाजूला सारले. वास्तविक कीटनच्या चित्रपटांत बर्गसाँचे सूत्र उलटते. तिथे यंत्र माणसाला जड करत नाही. यंत्राच्या, वाऱ्याच्या, पाण्याच्या नियमांशी जुळवून घेणारे शरीर अधिकच सजीव, अधिकच चपळ होते.

३

आपल्या याद्या ज्यांच्यावरून उतरवल्या गेल्या, त्या याद्यांचा इतिहासही तपासून पाहण्यासारखा आहे. ५ सप्टेंबर १९४९ च्या ‘लाइफ’ नियतकालिकात जेम्स एजी या अमेरिकन समीक्षकाने मूक विनोदपटांच्या सुवर्णकाळावर दीर्घ लेख लिहिला. चॅप्लिन, लॉइड, लँगडन आणि कीटन हे त्याचे चार महारथी. विस्मृतीत गेलेल्या एका कलेला त्याने पुन्हा उजेडात आणले हे त्याचे ऋण मोठे आहे. पण चौकडी कायम झाली ती तेव्हापासून, आणि तिच्या अग्रभागी मानवतेचा कैवारी म्हणून चॅप्लिन बसला तोही तेव्हापासूनच. १९५२ साली ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाने समीक्षकांचा कौल घेतला, तेव्हा ‘सिटी लाइट्स’ आणि ‘द गोल्ड रश’ हे दोन्ही दुसऱ्या स्थानावर होते. वीस वर्षांनी, १९७२ च्या कौलात पहिल्या दहांत चॅप्लिनचा एकही चित्रपट नव्हता. ‘द जनरल’ मात्र होता.

या वीस वर्षांत मानवी मूल्ये बदलली नव्हती; बदलली होती ती रिळांची उपलब्धता. चॅप्लिनने आपल्या प्रौढ काळातील चित्रपटांचे हक्क स्वतःकडे राखले होते आणि ते वेळोवेळी पुन्हा प्रदर्शित केले. १९४२ साली तर ‘द गोल्ड रश’ला त्याने स्वतःच्या आवाजातील निवेदन जोडले. कीटनपाशी असे हक्क नव्हते. त्याचे अनेक चित्रपट दुर्मीळ झाले होते. त्यांतल्या काहींच्या प्रती १९५०च्या दशकात त्याच्या जुन्या घरात सापडल्या आणि तिथून त्याचे पुनरागमन सुरू झाले. ज्याला आपण कालातीत अभिरुची म्हणतो, तिचा बराचसा भाग कोणाच्या कोठीत काय टिकले यावर ठरतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९१२ ते १९२९ या काळातील सुमारे ११ हजार अमेरिकन पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी केवळ १४ टक्के मूळ स्वरूपात उरले आहेत. नायट्रेटची फीत आपोआप टिकत नाही. कोणीतरी तिला टिकवण्यायोग्य ठरवावे लागते. ‘निव्वळ करमणूक’ हा शेरा म्हणूनच निरुपद्रवी नाही. जतन प्रतिष्ठेच्या मागून चालते, आणि प्रतिष्ठा वाटण्याचे काम समीक्षा करते.

४

मग या विनोदाचे वाचन करायचे तरी कसे? प्रथम त्याचा घटक ओळखला पाहिजे. त्या घटकाला ‘गॅग’ म्हणतात: आरंभ, बांधणी आणि उलथापालथ असलेली एक स्वयंपूर्ण दृश्यरचना. ‘स्लॅपस्टिक’ हे नाव ज्या काठीवरून आले, ती इटलीच्या ‘कॉमेडिया देल आर्ते’मधील विदूषकाची दोन फळ्यांची काठी होती, तिचा मार थोडा आणि आवाज फार. मूकपटात तो आवाजच गेला. उरला तो फटक्याचा केवळ आकार: अंतर, वेग, दिशा आणि क्षण. या चार गोष्टींतून अर्थ निर्माण करणे हे या कलेचे व्याकरण होय.

चॅप्लिनचाच ‘वन ए. एम.’ (१९१६) पाहावा. आरंभीचा टॅक्सीवाला सोडला तर या लघुपटात तो एकटा आहे. तो इथे भटक्या नाही. रात्री पिऊन घरी आलेला उंची पोशाखातला श्रीमंत गृहस्थ आहे. त्याच्या दैन्याची कीव करायला जागाच नाही. फिरते टेबल, दोन जिने, घड्याळाचा लंबक आणि भिंतीतून उतरणारा पलंग एवढ्या सामग्रीवर तो स्वतःच्याच घरात परका ठरतो आणि अखेर न्हाणीतल्या टबात झोपतो. मालकी म्हणजे वस्तूंवरची सत्ता, या मध्यमवर्गीय श्रद्धेची इतकी शिस्तबद्ध मोडतोड निबंधात करायची तर पाने खर्ची पडतील. ‘द पॉनशॉप’मध्ये (१९१६) तो गहाण ठेवायला आणलेले गजराचे घड्याळ स्टेथॉस्कोपने तपासतो, डबा फोडायच्या चावीने उघडतो, आतला ऐवज हुंगतो आणि शेवटी सारे तुकडे गिऱ्हाइकाच्याच टोपीत भरून मान हलवतो. घड्याळ क्षणात रोगी होते, क्षणात डबा होते. वस्तूची ओळख तिच्यावर होणाऱ्या क्रियेने ठरते, हा विचार इथे हातांनी मांडलेला आहे. यालाच रूपक म्हणतात, आणि कवितेत ते आढळले की आपण त्यावर लेख लिहितो.

कीटनच्या ‘वन वीक’मध्ये (१९२०) नवविवाहित जोडपे खोक्यांतून आलेले तयार घर क्रमांकानुसार जोडते, हेवा करणाऱ्या प्रतिस्पर्ध्याने क्रमांक बदललेले असतात. उभे राहिलेले तिरपागडे घर शेवटी रुळांवर अडकते. समोरून गाडी येते, दोघे डोळे झाकतात, आणि गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. आपण सुटकेचा श्वास टाकतो तोच उलट दिशेने दुसरी गाडी येऊन घराचा चुराडा करते. चौकटीच्या कडेपलीकडे काय आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक नसते, या एका चित्रपटीय सत्यावर हा सारा प्रसंग रचला आहे. कोणी रडत नाही. ढिगाऱ्यावर ‘विकणे आहे’ ही पाटी लागते आणि जोडपे चालू लागते. ‘स्टीमबोट बिल, ज्युनिअर’मध्ये (१९२८) वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत कीटनच्या अंगावर कोसळते आणि वरच्या मजल्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्यावरून जाते. अंतर काही इंचांचे. दृश्य दुरून, एकसंध घेतले आहे. मध्ये तोड असती तर ती भिंत केवळ एक बातमी झाली असती. जगणे आणि मरणे यांतला फरक उभे राहण्याच्या जागेपुरता आहे, आणि ती जागा त्याने निवडलेली नाही. ‘कॉप्स’चा (१९२२) शेवट थडग्यावर ठेवलेल्या टोपीने होतो. नियतीविषयी याहून कठोर विधान त्या काळच्या किती शोकांतिकांत सापडेल?

या विनोदाला आपल्या शिडीवर पायरी नाही, कारण तो शब्दांतून, प्रसंगातून वा स्वभावातून उगवत नाही. तो वस्तू, अवकाश आणि शरीर यांच्या संबंधांतून उगवतो. त्याला ‘वस्तुनिष्ठ विनोद’ म्हणावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. मराठीत या शब्दाला जो दुसरा अर्थ आहे, तोही इथे लागू पडतो: हा विनोद जगाकडे आपल्या भावनांच्या काचेतून पाहत नाही.

५

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. ‘सिटी लाइट्स’च्या अखेरीस दृष्टी लाभलेली फुलवाली हाताच्या स्पर्शाने भटक्याला ओळखते, तो क्षण जागतिक चित्रपटाच्या उंचीचा आहे, त्याला कारुण्याखेरीज दुसरे काय नाव द्यायचे? कारुण्य वजा केले तर चॅप्लिनचे श्रेष्ठत्व कशात उरते?

उत्तर त्याच चित्रपटात आहे. त्या शेवटाची सारी शक्ती आरंभीच्या एका गॅगमध्ये साठवलेली आहे. वाहनांच्या गर्दीतून वाट काढताना भटक्या एका उभ्या मोटारीत एका बाजूने शिरतो आणि दुसऱ्या बाजूने पदपथावर उतरतो. अंध मुलीला दार लागल्याचा आवाज येतो आणि तिच्या मनात एक श्रीमंत गृहस्थ जन्माला येतो. तो सुटे पैसे घ्यायला थांबलेला असतानाच खरा मालक येऊन मोटारीत बसतो, दार पुन्हा लागते, मोटार जाते. आता त्याला गुपचूप उभे राहण्यावाचून गत्यंतर नाही. ही शुद्ध आंगिक विनोदाची यंत्रणा आहे: एक दार, दोन आवाज, चुकीचे अनुमान. मूकपटात ऐकू न येणाऱ्या आवाजावर ती उभी आहे, हे तिचे आणखी एक वैशिष्ट्य. शेवटच्या दृश्यातही ती मुलगी प्रथम काचेआडून त्या फाटक्या माणसाला हसते. ती आपल्यासारखीच विनोदपटाची प्रेक्षक झालेली आहे. तिचे हसणे थांबते ते डोळ्यांनी नव्हे, हाताने; म्हणजे दृश्याच्या जागी स्पर्श आला की गैरसमजाची जुनी यंत्रणा उलगडते. कारुण्य तिथे आहे, निःसंशय आहे; पण ते गॅगच्या कारखान्यात तयार झालेले आहे. मालाची स्तुती करायची आणि कारखान्याला ढोबळ म्हणायचे, हा न्याय समीक्षेला शोभत नाही.

उलट, जिथे कारुण्य यंत्रणेतून न येता वरून ओतले जाते, तिथे चॅप्लिन पातळ होतो. ‘द किड’मध्ये पदरी पडलेले मूल हातात घेऊन गटाराची जाळी उचलून क्षणभर विचारात पडणारा भटक्या थोर आहे, त्याच चित्रपटातील पंख लावलेल्या देवदूतांचे स्वप्न तसे नाही. करुणेच्या निकषाने हा फरक दाखवता येत नाही. गॅगच्या निकषाने येतो.

६

कारुण्याच्या परवान्याने आणखी दोन नुकसाने केली. पहिले स्त्रियांचे. करुणेच्या रचनेत स्त्री ही दयेचा विषय असते: आंधळी फुलवाली, सर्कशीत छळ सोसणारी मुलगी. गॅग करणारी स्त्री या रचनेत बसत नाही. म्हणून १९१४ साली कीस्टोनमध्ये स्वतः दिग्दर्शन करणारी मेबल नॉर्मंड चॅप्लिनच्या चरित्रातील एक प्रकरण होऊन राहिली, आणि त्याच वर्षीच्या ‘टिलीज पंक्चर्ड रोमान्स’ या पूर्ण लांबीच्या विनोदपटाची नायिका मेरी ड्रेसलर आहे हे सांगावे लागते. एजीची चौकडी चार पुरुषांची आहे, हा योगायोग नव्हे. ‘द नॅव्हिगेटर’मध्ये (१९२४) निर्मनुष्य जहाजावर कीटनइतकीच गोंधळलेली आणि त्याच्याइतकीच धडपडणारी कॅथरिन मॅग्वायर पाहिली, की दयेच्या बाहेर स्त्रीला केवढी मोकळी जागा होती हे कळते.

दुसरे नुकसान नैतिक विचाराचे. ‘निरागस धमाल’ म्हटले की गॅग चौकशीतून सुटतो. ‘थोर मानवतावाद’ म्हटले तरीही सुटतो. ‘द प्लेहाउस’मध्ये (१९२१) आणि ‘कॉलेज’मध्ये (१९२७) कीटन चेहऱ्याला काळे फासतो. ‘सेव्हन चान्सेस’मध्ये (१९२५) काळे फासलेल्या नटाचा नोकर आहे. ‘द जनरल’चा नायक गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने लढतो आणि गुलामगिरीचा उल्लेखही होत नाही. हे दोष अश्रूंच्या अभावाचे नाहीत. कोणाचे शरीर हसण्याची वस्तू होते आणि कोणाचे हसवणारा कर्ता, या व्यवस्थेचे आहेत. गॅग हा विचार आहे असे मानले तरच त्याला जाब विचारता येतो.

७

तेव्हा शिफारस करायचीच असेल तर क्रम बदलावा. आरंभ ‘वन ए. एम.’ आणि ‘द पॉनशॉप’ने करावा. नंतर ‘वन वीक’ आणि ‘कॉप्स’. मग ‘सेफ्टी लास्ट!’ (१९२३), तिथे घड्याळाचे छायाचित्र विसरून पाहावे, कारण नोकरीतला खोटा मोठेपणा टिकवण्यासाठी एक कारकून मजल्यामागून मजला चढत जातो आणि ‘आणखी एकच मजला’ हे आश्वासन दर मजल्यावर पुन्हा मिळते. पगारदार वर्गाचे इतके नेमके चित्र दुर्मीळ आहे. त्यानंतर ‘शेरलॉक ज्युनिअर’ (१९२४): पडद्यात शिरलेल्या प्रक्षेपकाच्या पायांखालची बाग, रस्ता, कडा, वाळवंट, समुद्र एकेका तोडीसरशी बदलतात आणि संकलनाचा सिद्धांत प्रत्यक्ष अंगावर येतो. मग लॉरेल-हार्डीचा ‘बिग बिझनेस’ (१९२९): नाताळची झाडे विकणारे दोघे आणि एक गिऱ्हाईक आळीपाळीने, घाई न करता एकमेकांची मोटार आणि घर मोडतात, आणि प्रत्येक जण दुसऱ्याची पाळी संपेपर्यंत थांबतो. सूडालाही शिष्टाचार असतो, हे पाहून झाल्यावर, सर्वांत शेवटी, ‘सिटी लाइट्स’ पाहावा. तो तेव्हा लहान होत नाही. त्याची बांधणी प्रथमच दिसू लागते.

आणि हे चित्रपट पूर्ण, योग्य गतीने पाहावेत. मूकपटांचे चित्रण हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याने, बोलपटाच्या सेकंदाला चोवीस चौकटींहून अनेकदा कमी गतीने होई. ते सरसकट चोवीसच्या गतीने दाखवले गेले आणि ती धांदल आपण माकडचेष्टा समजलो. १९५७ नंतर रॉबर्ट यंगसनच्या संकलनपटांनी गॅग सुटे करून निवेदनासह विकले. मूळ रचनेतली त्यांची जागा हरवली. चारोळीपुरते कापलेले महाकाव्य वाचून कवीला उथळ ठरवणाऱ्याला आपण समीक्षक म्हणत नाही. मूकपटांच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करत आलो, आणि वर त्याला रसिकता म्हणत आलो. विनोदाला विनोद म्हणूनच दाद देण्याचे धैर्य ज्या समीक्षेत नाही, तिने त्याच्यासाठी अश्रू ढाळून त्याचा सन्मान होत नसतो.